विश्लेषण : खेळाडूंची नवी कार्डे जुन्या कार्डांइतका भाव टिकवतात का?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज या लिलावगृहात बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ सालचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे १०० कोटी रुपये होते. बरोबर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच लिलावगृहात हा विक्रम मोडला. या वेळी विकले गेले ते मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या बास्केटबॉलपटूंचे २००७-०८ च्या हंगामातील संयुक्त कार्ड. किंमत १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलर. पहिले कार्ड ७० वर्षे जुने, तर दुसरे जेमतेम १८ वर्षांचे. मग नवी कार्डेही जुन्यांसारखीच भाव धरून राहतात, असे म्हणायचे का? या दोन विक्रमांमागे दडलेले गणित त्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे.

ही कार्डे आली कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पाकीट चेपू नये हा त्याचा उपयोग. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली की गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेते, हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आले. १९०९ ते १९११ या काळात निघालेली ‘टी २०६’ ही मालिका त्यातली सर्वांत प्रसिद्ध. पुढे १९३० च्या दशकात सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली. गौडी, बोमन आणि नंतर टॉप्स या कंपन्यांनी लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून कार्डे काढली.

संग्राहकांच्या भाषेत साधारण १९८० पूर्वीची कार्डे ‘विंटेज’ म्हणजे जुनी. त्यानंतरची आधुनिक, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतली ‘अल्ट्रा मॉडर्न’. ही रेघ काटेकोर नाही. मात्र भावाचा विचार करताना ती उपयोगी पडते, कारण रेघेच्या दोन्ही बाजूंना कार्डे छापण्यामागचा हेतूच वेगळा आहे.

जुन्या कार्डांना एवढा भाव का?

कारण ती जपण्यासाठी छापलेली नव्हती. मुले ती खिशात कोंबत, रबर लावून गठ्ठे बांधत, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढत. घर बदलताना किंवा मुलगा लष्करात गेल्यावर आई खोकेच्या खोके कचऱ्यात टाकत असे. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांमध्येही असंख्य कार्डे लगद्यात गेली. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ज्यांनी कुस्तीपटूंची ट्रम्प कार्डे खेळली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यातली किती आज कडा शाबूत राखून घरात आहेत?

‘टी २०६’ मालिकेतील होनस वॅग्नरचे कार्ड हे दुर्मीळपणाचे टोकाचे उदाहरण. वॅग्नरच्या आक्षेपामुळे त्याच्या कार्डाची छपाई लवकर थांबली. तंबाखूच्या जाहिरातीला विरोध की मोबदल्याचा वाद, यावर आजही मतभेद आहेत. आज त्याच्या साठेकच प्रती अस्तित्वात असल्याचे मानले जाते. त्यातली एक ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरना गेली. पुढच्याच वर्षी तिच्याहून खराब स्थितीतील दुसऱ्या प्रतीला ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

मँटलच्या कार्डाची गोष्ट वेगळी. १९५२ च्या टॉप्स मालिकेत ४०७ कार्डे होती. मँटलचा क्रमांक ३११, म्हणजे शेवटच्या टप्प्यातला. हा टप्पा बाजारात आला तेव्हा हंगाम संपत आला होता आणि दुकानदार माल उचलेनात. उरलेली खोकी वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार १९६० मध्ये ती बोटीत भरून अटलांटिक महासागरात बुडवण्यात आली. म्हणजे पुरवठा कंपनीने ठरवून नव्हे, तर व्यवहाराच्या ओघात आटला. आणि तो आता वाढणे शक्य नाही.

मग जुने ते सगळे सोने का?

मुळीच नाही. १९६० किंवा १९७० च्या दशकातील अनोळखी खेळाडूचे, कोपरे झिजलेले कार्ड आजही किरकोळ किमतीत मिळते. जुन्या कार्डांत भाव टिकतो तो तीन गोष्टी एकत्र आल्या तर. खेळाडू मोठा हवा, प्रती कमी हव्यात आणि कार्डाची स्थिती उत्तम हवी. ही स्थिती ठरवण्याचे काम पीएसए, एसजीसी, बेकेट अशा ग्रेडिंग कंपन्या करतात. छपाई मध्यभागी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा आणि पृष्ठभाग स्वच्छ आहे का, हे तपासून त्या १ ते १० अशी श्रेणी देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. विक्रमी ठरलेल्या मँटलच्या कार्डाला ९.५ श्रेणी होती. तेच कार्ड १ किंवा २ श्रेणीचे असेल तर किंमत कोट्यवधींवरून हजारो डॉलरवर येते.

वय हा निकष किती फसवा आहे, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कार्डांवरून दिसते. मँटल, वॅग्नर यांच्या कार्डांना भाव येतोय म्हटल्यावर अमेरिकी पालकांनी खोकेच्या खोके विकत घेऊन माळ्यावर ठेवले. मुलाच्या कॉलेजच्या फीची सोय, असा त्यामागचा हिशेब. कंपन्यांनीही मागणी पाहून भरमसाट छपाई केली. सगळ्यांनीच जपून ठेवले, त्यामुळे दुर्मीळ काहीच राहिले नाही. हा काळ आज ‘जंक वॅक्स’ म्हणून ओळखला जातो. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक म्हणजे भंगार.

त्या काळातील सर्वांत गाजलेले कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचे, १९८९ च्या अपर डेक मालिकेतील पहिल्या क्रमांकाचे. ग्रिफीने अपेक्षा शंभर टक्के पूर्ण केल्या. २०१६ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली ती ४४० पैकी ४३७ मतांनी. तरीही पदार्पणाच्या या कार्डाने कुणाच्या कॉलेजची फी भरली नाही, कारण १० श्रेणी मिळालेल्या प्रतीच हजारोंच्या घरात आहेत. खेळाडूवरचा अंदाज अचूक, कार्ड नीट जपलेले, पस्तीस वर्षे थांबण्याची तयारी. एवढे सगळे असूनही गणित चुकले, कारण प्रतींची संख्या कुणी पाहिली नाही.

आधुनिक कार्डांचे गणित वेगळे कसे?

जंक वॅक्सच्या फजितीतून कंपन्यांनी धडा घेतला आणि दुर्मीळपणा कारखान्यातच तयार करायला सुरुवात केली. एकाच छायाचित्राचे कार्ड साध्या रूपात, चमकत्या रूपात, निळ्या, सोनेरी, लाल कडांत काढायचे. यांना ‘पॅरलल’ म्हणतात. काहींवर ९९ पैकी १२ किंवा १० पैकी ४ असे आकडे छापायचे. काहींवर खेळाडूची स्वाक्षरी, काहींत त्याच्या जर्सीचा तुकडा. आणि सगळ्यात वर ‘एकमेव’, म्हणजे एकच प्रत असलेले कार्ड.

यामुळे आधुनिक बाजाराचे दोन भाग पडले. एका बाजूला मोजक्या प्रतींची महागडी कार्डे. दुसऱ्या बाजूला साधी कार्डे, ज्यांची एकूण छपाई किती हे कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. ही साधी कार्डे पाकिटातून निघताच प्लास्टिकच्या वेष्टनात जातात आणि तिथून थेट ग्रेडिंगला. त्यामुळे १० श्रेणीची कमतरता नसते. १९५२ च्या कार्डाला १० मिळणे हा चमत्कार असतो. २०२० च्या कार्डाला १० मिळणे ही किमान अपेक्षा असते, आणि ९ मिळाले तर विकणाऱ्याचा ग्रेडिंगचा खर्च निघेलच असे नाही.

एकमेव प्रतीचा दावाही जपूनच घ्यावा लागतो. एकाच खेळाडूची एकाच वर्षात वेगवेगळ्या मालिकांमधून अनेक ‘एकमेव’ कार्डे निघतात. प्रत्येक कार्ड तांत्रिकदृष्ट्या एकच असते, पण पर्याय भरपूर असतात. वॅग्नरच्या ‘टी २०६’ कार्डाला असा पर्याय नाही.

२०२०-२१ मध्ये नेमके काय झाले?

करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेत खेळ बंद, लोक घरात आणि सरकारी मदतीचे धनादेश हातात. त्यातच एप्रिल-मे २०२० मध्ये मायकल जॉर्डनवरील ‘द लास्ट डान्स’ हा माहितीपट आला. जुन्या खोक्यांवरची धूळ झटकली गेली आणि भाव उसळले. ऑगस्ट २०२० मध्ये बेसबॉलपटू माइक ट्राउटचे २००९ चे एकमेव कार्ड ३९ लाख ३६ हजार डॉलरना विकले गेले. विकणाऱ्याने ते २०१८ मध्ये सुमारे ४ लाख डॉलरना घेतले होते. जानेवारी २०२१ मध्ये मँटलचे ९ श्रेणीचे कार्ड ५२ लाख डॉलरना गेले आणि एप्रिलमध्ये लेब्रॉन जेम्सच्या २००३-०४ च्या कार्डाने तोच आकडा गाठला. जुने आणि नवे बरोबरीत आल्याचा हा क्षण होता.

मार्च २०२१ अखेरीस कार्डांचा ढीग उपसता न आल्याने पीएसएला बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे स्वीकारणे थांबवावे लागले. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका दुकानाच्या आवारात कार्डांवरून हाणामारी झाली आणि टार्गेट या साखळी दुकानांनी काही काळ त्यांची विक्रीच बंद केली.

ओहोटी मात्र त्याआधीच लागली होती. जॉर्डनच्या १९८६ च्या फ्लीअर कार्डाच्या १० श्रेणीच्या दोन प्रती जानेवारी २०२१ अखेरीस प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरना गेल्या. काही महिन्यांतच तेच कार्ड २ लाखांच्या आसपास मिळू लागले. जॉर्डनच्या कीर्तीत या काळात तसूभरही फरक पडला नव्हता. पण १० श्रेणीच्या तीनशेहून अधिक प्रती अस्तित्वात होत्या आणि भाव चढताच त्या कपाटांतून बाहेर पडू लागल्या. अल्ट्रा मॉडर्न कार्डांची, विशेषतः साध्या कार्डांची, घसरण त्याहून मोठी होती. जून २०२२ मध्ये लेब्रॉनचे तीन संघांच्या जर्सींवरील बोधचिन्हे असलेले एकमेव कार्ड विक्रम मोडेल अशी हवा होती. ते २४ लाख डॉलरवर थांबले. त्यानंतर दोन महिन्यांतच वॅग्नर आणि मँटल यांच्या कार्डांनी नवे आकडे नोंदवले.

खेळाडूच्या कारकिर्दीचा परिणाम किती?

आधुनिक कार्डांत सर्वाधिक. वॅग्नर १९५५ मध्ये गेला, मँटल १९९५ मध्ये. त्यांच्या आकडेवारीत आता काही बदलणार नाही. चालू खेळाडूचे कार्ड घेणे म्हणजे मात्र त्याच्या गुडघ्यांवर, संघावर आणि वागणुकीवरही पैसे लावणे.

झायन विल्यमसनचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये एनबीएमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या या खेळाडूच्या पदार्पणाच्या कार्डांसाठी झुंबड उडाली. दुखापतींमुळे पहिल्या चार हंगामांत तो फक्त ११४ सामने खेळू शकला, २०२१-२२ चा हंगाम तर पूर्ण हुकला. त्याच्या कार्डांचे भाव कोसळले. ट्राउट तर तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेला. पण २०२१ पासून दुखापतींनी त्यालाही घेरले. २०२१ मध्ये तो ३६ आणि २०२४ मध्ये अवघे २९ सामने खेळला. थोर कारकीर्दही कार्डाच्या भावाला सरळ वर जाणारा रस्ता देत नाही.

मग नवी कार्डे विक्रम कसे करतात?

जॉर्डन-कोबी कार्ड नीट पाहिले तर ते नवे असूनही जुन्यासारखे वागते. एकच प्रत. दोघांच्या जर्सींवरील एनबीएचे बोधचिन्ह, दोघांच्या स्वाक्षऱ्या. दोघांचीही कारकीर्द संपलेली. कोबी जानेवारी २०२० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला, त्यामुळे असे कार्ड पुन्हा बनणे अशक्य. पुरवठा बंद, कीर्ती पक्की. ‘शार्क टँक’ या अमेरिकी कार्यक्रमातून माहीत असलेले केविन ओ’लिअरी हे त्याच्या खरेदीदारांपैकी एक.

याउलट मार्च २०२५ मध्ये पॉल स्कीन्स या तरुण बेसबॉलपटूचे एकमेव कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना विकले गेले. त्याने पहिल्या सामन्यात घातलेल्या जर्सीवरची खास पट्टी आणि त्याची स्वाक्षरी त्यावर आहे. लॉस एंजेलिस परिसरातील ११ वर्षांच्या मुलाला ते पाकिटात सापडले. स्कीन्सच्या पायरेट्स संघाने कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती. कुटुंबाने लिलाव निवडला. या कार्डाचीही प्रत एकच, पण कीर्ती अजून घडायची आहे. मुलाच्या दृष्टीने व्यवहार फायद्याचाच. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो कसा ठरला, हे कळायला पंधरा-वीस वर्षे लागतील.

जुन्या कार्डांत धोका नाही?

आहे. पहिला फसवणुकीचा. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले वॅग्नर कार्ड जगातले सर्वोत्तम स्थितीतील मानले जात होते. २००७ मध्ये ते २८ लाखांना गेले. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो याने या कार्डाच्या कडा आपण कापल्याची कबुली दिली. लिलावातील गैरप्रकारांबद्दल त्याला २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. दुसरा धोका पिढीचा. मँटलला खेळताना पाहिलेले प्रेक्षक आता म्हातारे झाले आहेत. वॅग्नरला पाहिलेले कुणीच उरलेले नाही, तरी त्याचे कार्ड विकले जाते. पण हा मान दंतकथा बनलेल्या मोजक्या नावांना मिळतो. मधल्या फळीतील खेळाडूंच्या कार्डांना पुढची पिढी गिऱ्हाईक देईलच याची हमी नाही.

तुलना करताना फसगत कुठे होते?

विक्रमी मँटल कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतलेले होते. ३१ वर्षांत ते २५२ पट झाले, म्हणजे दरसाल साधारण साडेएकोणीस टक्के चक्रवाढ. वॅग्नर कार्डाची १९९१ ते २००७ मधील वाढ दरसाल बारा टक्क्यांच्या आसपास पडते. आकडे आकर्षक आहेत, पण ते अव्वल कार्डांचे आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या कुणी ५० हजार डॉलरची जंक वॅक्सची खोकी घेतली असतील, तर त्याची बातमी होत नाही.

शिवाय जाहीर होणाऱ्या किमतीत लिलावगृहाचे शुल्क धरलेले असते. मोठ्या लिलावगृहांत ते बोलीच्या २० टक्क्यांच्या आसपास असते. विकणाऱ्याच्या हातात पडते ती रक्कम त्याहून कमी. ग्रेडिंग, विमा आणि सुरक्षित साठवण यांचा खर्च वेगळा. शेअरला लाभांश मिळतो, घराला भाडे मिळते. कार्ड विकेपर्यंत काहीच देत नाही.

भारतीय खरेदीदाराने काय लक्षात घ्यावे?

भारतात आयपीएलची कार्डे निघाली, पण लिलाव, ग्रेडिंग आणि पुनर्विक्रीची अमेरिकेसारखी साखळी इथे उभी राहिलेली नाही. त्यामुळे परदेशातून कार्ड मागवणाऱ्याला डॉलरचा दर, टपालखर्च आणि सीमाशुल्क मोजावे लागते, आणि विकताना ते पुन्हा परदेशीच पाठवावे लागते. थोडक्या किमतीच्या कार्डात हा खर्चच नफा खाऊन टाकतो.

कोणतेही कार्ड घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या श्रेणीच्या प्रती किती आहेत? पीएसएच्या संकेतस्थळावर ही संख्या मोफत पाहता येते. ती अजून वाढू शकते का? नव्या कार्डांच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘हो’ असते. आणि खेळाडूची कारकीर्द संपली आहे की चालू आहे? सीलबंद पाकिटे किंवा ऑनलाइन ‘ब्रेक’मध्ये हिस्सा घेताना तर हे प्रश्न विचारण्याचीही सोय नसते. ‘ब्रेक’ म्हणजे कुणीतरी थेट प्रक्षेपणात खोके फोडतो आणि आधी पैसे भरलेल्यांना वाट्याला येईल ते मिळते. ती खरेदी सोडतीच्या जवळची आहे.

गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून एवढे म्हणता येते : उत्तम स्थितीतील, मोठ्या नावांची जुनी कार्डे पडझडीत कमी घसरली आणि लवकर सावरली. निवृत्त दिग्गजांची मोजक्या प्रतींची आधुनिक कार्डे त्यांच्या पंगतीत बसू शकतात. चालू खेळाडूंची, मोठ्या संख्येने छापलेली साधी कार्डे मात्र बहुतांश वेळा पाकिटातून निघाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सर्वांत महाग असतात. ती आवडत्या खेळाडूसाठी घ्यावीत. मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गुंतवण्याचा प्रयोग अमेरिकी पालकांनी चाळीस वर्षांपूर्वी करून पाहिला आहे.